फवारणीचा घाम आणि उन्हाचा घाम

भादवा सरत आला की खानदेशात कपाशी छातीला लागलेली असते. ओळीतून चालताना नोझलचा फवारा पिकावर पडता पडता फवारणाऱ्याच्या हातांवर, गळ्यावर, तोंडावर येतो. 15-16 लिटरच्या पंपाचं झाकण सैल असेल तर पाठ भिजते, आणि तो ओला सदरा दिवसभर अंगावरच राहतो. दुपारी माणूस घामाघूम होऊन बांधावर बसतो, मळमळतंय म्हणतो, आणि सोबतचे म्हणतात, ‘ऊन लागलं.’ इथेच घात होतो, कारण घाम उन्हातही येतो आणि विषबाधेतही. वेगळं काय असतं, हे स्वायत्त चेतासंस्थेची रचना पाहिली की कळतं.

हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, लाळ, डोळ्याच्या बाहुलीचा आकार, घाम ही आपल्या इच्छेवर न चालणारी कामं या संस्थेकडे असतात. तिचे मुख्य भाग दोन: धोक्याच्या वेळी अंग सज्ज करणारा अनुकंपी, आणि विश्रांती-पचन सांभाळणारा परानुकंपी. अनुकंपी भागाचे तंतू मज्जारज्जूच्या छातीतल्या पहिल्या खंडापासून कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या खंडापर्यंत निघतात आणि बरेचसे मणक्यांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चेतापेशींच्या गाठींच्या माळेत थांबतात. परानुकंपी भाग मेंदूकडून येणाऱ्या 3, 7, 9 आणि 10 क्रमांकाच्या नसांतून आणि खाली त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या भागाच्या) 2 ते 4 खंडांतून येतो. यातली दहावी, व्हेगस, सर्वांत लांबवर पसरलेली: हृदय, फुप्फुसं, जठर आणि बरंचसं आतडं तिच्या हुकमात.

दोन्हीकडे निरोप दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा गाठीपर्यंत, आणि तिथे दोन्ही भागांत ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायनच सुटतं. गाठीपुढे परानुकंपी तंतू पुन्हा ॲसिटिलकोलीन सोडतात, तर अनुकंपी तंतू बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनलिन. घामाच्या ग्रंथी मात्र अपवाद. त्यांना चालवणारे तंतू अनुकंपी, पण त्यांचं रसायन ॲसिटिलकोलीन. सगळा घोटाळा या अपवादापाशी आहे.

1921 साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेतवून त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. नस रसायनातून बोलते, हे त्यातून सिद्ध झालं. ते रसायन म्हणजेच ॲसिटिलकोलीन. काम झालं की ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे क्षणार्धात तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हे विकर अडवतात. मग निरोप थांबतच नाही: घाम फुटतो, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, उलट्या, जुलाब, लघवी सुटणं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फुप्फुसांत स्राव भरतो आणि श्वासनलिका आकसतात. जीव जातो तो श्वास थांबून.

म्हणून घामाकडे नको, तोंड आणि डोळे बघा. ऊन लागलेल्याचं तोंड कोरडं, अंग तापलेलं, नाडी जलद. विष चढलेल्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं, बाहुल्या बारीक, छातीत घरघर, आणि पापण्या किंवा दंडाचे स्नायू फडफडताना दिसतात. नाडीवर मात्र विसंबू नका. व्हेगसमुळे ती मंद व्हायला हवी, पण अनुकंपी गाठीही त्याच रसायनावर चालत असल्याने कधी कधी ती जलद लागते. बाहुली बारीक नाही म्हणून विषबाधा नाही, असंही नसतं. फवारणी झाली असेल आणि शंका आली, तर ती विषबाधाच समजून निघा.

आधी हातात रबरी हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. कपडे उतरवा, चपलाही. साबण आणि भरपूर पाण्याने 15-20 मिनिटं धुवा. केस, कानामागची जागा, काखा, नखं हमखास राहून जातात. उलटी करवू नका, दूध पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या. लेबलवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर विष जास्त जहाल. धोतऱ्यात ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, असतं हे खरं, पण म्हणून त्याचं बी किंवा रस देऊ नका. कुठल्या बीत किती विष आहे याचा नेम नसतो.

दवाखान्यात ॲट्रोपिन शिरेतून देतात, मोठ्या माणसाला साधारण 1 ते 3 मिलिग्रॅमपासून, आणि गुण येईपर्यंत दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात. डॉक्टर वाट बघतात ती छाती कोरडी होण्याची. बाहुली मोठी होणं हा निकष नव्हे. तोंड कोरडं पडलं, चेहरा लाल झाला की नातेवाईक घाबरतात, पण त्या वेळी औषध कमी पडणं अधिक घातक. रुग्ण बरळू लागला, ताप चढला, तर मात्र मात्रा जास्त झाली असू शकते, लगेच सांगा.

विषाने थकणाऱ्या मानेच्या, हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर ॲट्रोपिनचा परिणाम होत नाही, कारण तिथले ग्राही, म्हणजे रसायनाचा निरोप पकडणाऱ्या जागा, वेगळ्या जातीचे असतात. म्हणून माणूस बरा दिसला तरी पहिले 4 दिवस त्याला घरी आणायची घाई करू नका. रोज त्याला उशीवरून मान उचलायला सांगा. मान उचलता आली नाही, तर श्वासाचे स्नायूही थकू लागलेले असू शकतात, आणि तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो.