खाणीचा फाटा: कालवा ओलांडला

चुनखडीच्या खाणीपासून चुन्याच्या भट्टीपर्यंत जाणाऱ्या ज्या बंद पडलेल्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेफाट्याचा उपग्रहचित्रांवरून माग काढतोय, त्याचा मधला तुकडा अखेर जुळला. खाणीकडचा भाग आधीच पक्का होता. घोडं अडलं होतं ते कालव्याशी. आता कालव्याच्या अलीकडची आणि पलीकडची रेघ एकाच वळणावर बसतेय. ठिकाणाचं नाव मुद्दामच देत नाही. अशा जागी एखादा रूळ, चार फिशप्लेटा (रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) मातीत शिल्लक असू शकतात, आणि भंगार गोळा करणारे आपल्यापेक्षा नकाशे बरे वाचतात.

या नादाला नव्याने लागलेले बहुतेक जण नकाशा शेवटपर्यंत मोठा करून रूळ शोधत बसतात. ते दिसणार नाहीत. फुकट मिळणाऱ्या चांगल्या उपग्रहचित्रात एक पिक्सेल म्हणजे साधारण ३० ते ५० सेंटिमीटर जमीन. दोन फुटी गेजचे दोन रूळ ६१० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे सगळी लाईन एक-दोन पिक्सेलांत संपली. शिवाय कारखाना बंद पडला की सगळ्यात आधी रूळच उचलले जातात, कारण त्यांना भाव येतो. मागे राहतं ते मातीकाम: भराव, कटिंग (लाईनसाठी खोदलेली वाट), मोऱ्या (ओढ्यावरचे छोटे पूल). आणि त्याहून चिवट म्हणजे जमिनीची हद्द. लाईनसाठी घेतलेली अरुंद पट्टी मोजणीत एकदा वेगळी झाली की भराव नांगरून सपाट झाला तरी बांध तसाच वाकडा राहतो.

एक अपवाद सांगायलाच हवा. फ्रान्सच्या पॉल दकोव्हील यांनी १८७० च्या दशकात पोलादी स्लीपरना जोडलेले तयार रुळांचे तुकडे बाजारात आणले. माणसांनी उचलून न्यायचे, मांडायचे, काम झालं की पुढच्या वावरात. उसाच्या मळ्यांत आणि खाणींच्या तोंडाशी असे तात्पुरते रूळ भरपूर वापरले गेले. त्यांच्यासाठी मातीकामच फारसं नसे, त्यामुळे त्यांचा माग वरून काढण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

आता कालवा. अलीकडच्या बाजूला सगळे बांध सरळ आणि काटकोनात आहेत, फक्त एक बांध सलग वाकत जातो. त्याला लागून सहा-सात मीटर रुंदीची चिंचोळी पट्टी. पावसानंतरच्या चित्रात ती हिरव्यात बुडून जाते. उन्हाळ्याच्या तोंडावरच्या चित्रात मात्र तेवढीच पट्टी फिकट पडते: दाबलेल्या मातीत आणि खडीच्या चुऱ्यात पाणी टिकत नाही, मुळं खोल जात नाहीत, पीक आधी वाळतं. म्हणून एकाच तारखेच्या चित्रावर कधीच भागवू नये. गूगल अर्थ प्रोमधली जुनी चित्रं आणि एस्री या नकाशा कंपनीचं २०१४ पासूनच्या चित्रांचं वेबॅक संग्रहालय, दोन्ही उघडून कोरड्या महिन्यांची चित्रं आधी बघायची. फक्त वेगवेगळ्या तारखांची चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर सरकलेली असतात. एक चित्र पाया धरून त्यावरच रेघ ओढली नाही, तर सरळ लाईनलाही नागमोडी वळणं येतात.

कालवा लाईन बंद झाल्यावर खणलाय. पूल नाही, भराव सरळ कापलाय, वर खोदाईची माती दोन्ही काठांवर टाकलेली. पलीकडे दोन उमेदवार होते. एक अगदी देखणी, सरळ गाडीवाट. दुसरी झाडांची विरळ रांग, मध्येच तुटलेली. गाडीवाट कोणालाही मोहात पाडेल. पण आगगाडी हवी तिथे वळत नाही, हाच आपला सगळा आधार आहे.

वळणाची त्रिज्या मोजायला रेल्वेवाल्यांची जुनी रीत पुरते. वळणावर दोन बिंदू जोडून जीवा काढायची, तिच्या मध्यापासून वळणापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हर्साइन, मोजायचं. जीवेचा वर्ग भागिले आठ पट व्हर्साइन. नकाशातला रूलर एवढ्याला पुरेसा आहे. झाडांच्या रांगेवर ६० मीटरच्या जीवेला व्हर्साइन ५ मीटरच्या आसपास आलं, म्हणजे त्रिज्या सुमारे ९० मीटर. अलीकडच्या वाकड्या बांधाचीही जवळजवळ तेवढीच. गाडीवाटेला जाऊन मिळायचं तर २५ मीटरच्या त्रिज्येत वळावं लागलं असतं. भारतीय रेल्वेच्या नियमांत सर्वांत तीव्र वळण ब्रॉडगेजला १७५ मीटर, मीटरगेजला १०९ आणि ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचं. खाणीतल्या छोट्या इंजिनांची मजल याहून पुढे जाते हे खरं, पण मोकळ्या सपाट जमिनीवर उगाच एवढं आवळून वळण कोण घेईल?

उरलेली शंका ओढ्याने मिटवली. गाडीवाट ओढ्यात उतरून पलीकडे चढते. झाडांची रांग मात्र काठाशी थांबते, आणि तिथे सकाळच्या चित्रात दोन आखूड, समांतर सावल्या आहेत, समोरासमोरच्या काठांवर. मोरीच्या बाजूच्या भिंती. वरची फरशी किंवा गर्डर गेलाय. बैल ओढ्यात उतरू शकतो, भरलेल्या वॅगनींची रांग नाही.

एवढं झाल्यावर कोरोना काढलं. (आजार नव्हे, अमेरिकेचे हेर उपग्रह. १९६० ते १९७२ या काळात त्यांनी फिल्मवर फोटो काढले, फिल्मच्या कुप्या खाली सोडल्या आणि त्या विमानाने हवेतच झेलल्या. १९९५ मध्ये आठ लाख साठ हजारांहून अधिक चित्रं खुली झाली.) यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्स्प्लोरर संकेतस्थळावर शोधता येतात, आणि कोणी आधीच स्कॅन करून घेतलेली असली तर फुकट उतरवता येतात. शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता साधारण १.८ मीटर, म्हणजे रूळ इथेही नाहीत. शिवाय कॅमेरा आडवा फिरत असल्याने पट्टीच्या टोकांकडे चित्र ताणलं जातं. मंदिर, विहीर, रस्त्यांचा चौक अशा न हललेल्या खुणा भरपूर घेऊनच ते बसवावं लागतं. बसवल्यावर मात्र मजा आली: कालवा अजून खणलेलाच नाही, आणि फिकट धाग्यासारखी रेघ शेतांमधून सलग वळत मोरीकडे जाते.

चढाबद्दल थोडक्यात. एलिव्हेशन प्रोफाइल (रेघेवरच्या उंचीचा आलेख) बघून भराव ओळखू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो नाद सोडा. एसआरटीएमसारखी फुकट उंचीची माहिती ३० मीटरच्या चौकटीत असते आणि झाडांचे शेंडेही जमिनीत धरते. किलोमीटर-दोन किलोमीटरचा सरासरी चढ तेवढा विश्वासाचा. तो ५० ला १ (५० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ) निघाला तर लाईन शक्य आहे. १२ ला १ निघाला तर साध्या इंजिनाचं ते काम नाही. पण तिथेही लगेच फुली मारू नये, कारण दोरखंडाने वॅगनी ओढायचे उतार असत. चालकुडी ते परांबिकुळम ही कोचीन फॉरेस्ट ट्रामवे १९०७ ते १९६३ अशी चालली, आणि तिच्या घाटात लाकडाने भरलेल्या उतरत्या वॅगनी रिकाम्यांना वर खेचायच्या. अशा ठिकाणी वळण नसतंच. डोंगरावर सरळ, तीव्र पट्टा आणि दोन्ही टोकांना सपाट जागा शोधायची.

नजर तयार करायची तर आधी जिवंत आणि उघड्या लाईनी बघाव्यात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये उसासाठीचं सुमारे ४,००० किलोमीटरचं दोन फुटी जाळं अजून चालतं. शेतातून नॅरोगेज कशी वळते, गिरणीच्या आवारात फाटे कसे पसरतात, हे तिथे वरून शिकता येतं. आणि चिलीच्या अटाकामात, हंबरस्टोनसारख्या बंद पडलेल्या नायट्रेट वस्त्यांभोवती, पाऊसच नसल्याने मातीकाम फारसं झिजत नाही. दाट जंगलातल्या लाईनीने सुरुवात केली तर महिन्याभरात छंद सुटेल.

आता शिल्लक आहे भट्टीकडचं टोक. तिथे नवी गोदामं उभी राहिलीत. दोन शक्यता दिसतात: एक भट्टीच्या माथ्याशी वरच्या पातळीने येणारी, दुसरी खालून आवारात शिरणारी. चुनखडी भट्टीत वरून ओततात, त्यामुळे माझा कल पहिलीकडे आहे. पण खालून चुना बाहेर नेण्यासाठी वेगळा फाटा असणंही तितकंच शक्य. केएमएल फाइलमध्ये (नकाशावर ओढलेल्या रेघा साठवणारी फाइल) खाणीपासून मोरीपर्यंत हिरवी रेघ आहे, कालव्याच्या मातीखालचा तुकडा पिवळा, आणि भट्टीकडच्या दोन्ही लाल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर फक्त जिथे भराव किंवा मोरी आजही आहे तेवढंच ‘अबँडन्ड’ (सोडून दिलेली लाईन) म्हणून टाकणार. पुसलेला भाग ओपनहिस्टॉरिकलमॅप या तशाच, पण जुन्या गोष्टींच्या नकाशावर जाईल. पुढचं काम गोदामांच्या आधीची चित्रं गाठायचं. वेबॅकमधल्या सगळ्यात जुन्या चित्रातही गोदामं उभीच आहेत, म्हणजे पुन्हा कोरोनाची पट्टी, यावेळी तिरप्या उन्हातली.