अण्णांच्या घरची तालीम

"मुलाखत म्हणजे दोन माणसांचा प्रवेशच की गं. आणि तालीम केल्याशिवाय मी कधी प्रवेशाला उभा राहिलो नाही. उद्यापासून सहाला येत जा."

अण्णा असं म्हणाले तेव्हा प्रकट मुलाखतीला आठ दिवस होते. कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी कुस्तीच्या आखाड्यातली तांबडी माती डोळ्यांपुढं येते. शिवाजी पेठेत वाढलेल्या अण्णांनी ती मातीही अंगाला लावली होती. नंतर आवाज फुटला, गाणं गवसलं आणि पुढं चाळीसेक वर्षं ते संगीत नाटकात उभे राहिले. माझ्या आजीनं त्यांचा अर्जुन पाहिला होता. त्यांच्याशी लोकांसमोर बोलायची जबाबदारी माझ्यावर आली, त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिल्या संध्याकाळी मी बत्तीस प्रश्न लिहून नेले होते. अण्णांनी चष्मा लावून वही शेवटपर्यंत वाचली, परत दिली आणि म्हणाले, "विचार."

"अण्णा, इतकी वर्षं 'सौभद्रा'तला अर्जुन करणं फार आव्हानात्मक गेलं असेल ना?"

"हो."

मी थांबले. तेही थांबले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"संपला प्रवेश," अण्णा म्हणाले. "उत्तर तूच दिलंस, मी आता काय बोलू? समोरच्याला वाक्य देताना शेवटचा शब्द असा टाकायचा, की त्याला तो उचलता आला पाहिजे. 'असेल ना' म्हणजे काय उचलायचं?"

बत्तीसपैकी सव्वीस प्रश्न त्याच रात्री गेले. उरलेले सहा आम्ही रोज घोटले. 'कसं वाटलं' काढून मी 'काय झालं' लिहायला शिकले. प्रश्न विचारून झाला की हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, हे मला फार जड गेलं. ते दोन क्षण शांत गेले तरी मला काहीतरी बोलावंसं वाटायचं. अण्णा बोट वर करायचे. पॉज पोटात ठेवायचा, तोंडावर दिसू द्यायचा नाही, असं ते म्हणत. कॉलेजात पंधरा वर्षं शिकवूनही मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि काकू. अण्णांनी एखादं साल सांगितलं की आतून आवाज यायचा, "तेव्हा नव्हे. थोरली पोटात होती मला, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी." काकूंचं कॅलेंडर बाळंतपणांवर चालायचं आणि ते कधी चुकलं नाही. कुठल्या गावचा ठेकेदार पैसे बुडवून पळाला, कुठल्या मुक्कामी ऑर्गनची पट्टी अडकली, सगळं त्यांना तोंडपाठ. खरं तर दोन खुर्च्यांच्या जागी तीन मांडायला हव्या होत्या, असं मला आजही वाटतं. मी विचारलंही होतं. काकू नाही म्हणाल्या.

पाचव्या दिवशी मी माझा सगळ्यात आवडता प्रश्न काढला. 'सौभद्र' 1882 सालचं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं. त्यात अर्जुन यतीचा वेश घेतो. आमच्या अण्णांचा यती पदाच्या वेळी उजवा हात दाढीवर ठेवायचा, थोडी मान कलती करून. त्या हाताचं कौतुक माझ्या आजीच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेलं. एका जुन्या परीक्षणाचं कात्रणही माझ्याकडे होतं. ती लकब सुचली कशी?

अण्णा उठले आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडताच खोबरेल तेलाचा आणि रंगाचा जुनाट वास आला. आत काळसर पडलेल्या रंगाच्या कांड्या, दात पडलेली फणी आणि कागदात गुंडाळलेली क्रेपची पांढरी दाढी. दाढी त्यांनी तळहातावर घेतली. एका कडेला जाळी अजून कडक होती, वाळलेल्या गमाचा पिवळा पापुद्रा तिथं धरून राहिला होता.

चैत्रातली जत्रा होती, उघड्यावरचा प्रयोग. ट्रकमध्ये सामान हिंदकळून स्पिरिट गमची बाटली सांडली. रंगभूषाकारानं तळाशी उरलेल्या गमात स्पिरिट घालून तो पुरवला. आठ दाढ्यामिशा चिकटवायच्या होत्या, गावात दुसरा गम मिळणार नव्हता. प्रवेश सुरू झाला, घाम फुटला आणि उजव्या कानाकडून दाढी सुटली. अण्णांनी हात लावला तो पद संपेपर्यंत काढलाच नाही. प्रयोगानंतर गावकरी येऊन म्हणाले, काय तो यती, काय तो विचारात बुडालेला माणूस! दुसऱ्या प्रयोगाला मालकांनी स्वतः सांगितलं, तो हात ठेवा तसाच.

"मग खरं सांगितलं का नाही तुम्ही?"

"चूक झाली की मालक अर्ध्या नाईटचे पैसे कापायचे. रंगभूषाकाराच्या घरात पाच तोंडं होती. मी म्हटलं, मला सुचलं ते. एकदा म्हटलं, मग म्हणतच राहिलो."

तो प्रश्न मी वहीतून खोडला.

मुलाखतीच्या दिवशी दुपारीच त्यांनी रिक्षा बोलवायला लावली. कार्यक्रम एका छोट्या सभागृहात होता, पण आधी केशवराव भोसले नाट्यगृहाकडे. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर. 1957 पासून गायकनट केशवरावांच्या नावाचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आगीनंतर अण्णा तिकडं फिरकले नव्हते. खासबागेच्या बाजूला रिक्षा थांबवून ते दगडी भिंतीकडे बघत बसले, खाली उतरले नाहीत.

"1921 च्या जुलैत केशवरावांनी बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं," ते म्हणाले, "आणि ऑक्टोबरात माणूस गेला. एकतीस वर्षांचा. मी बघ, त्र्याऐंशीचा बसलोय इथं." मग ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

मुलाखत चांगली झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही, लोकांनी ऐकलीच आहे. सहाच्या सहा प्रश्न झाले आणि शेवटी प्रेक्षकांतून एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी नेमकं तेच विचारलं, दाढीवरचा हात.

मला घाम फुटला. तिसऱ्या रांगेत त्या रंगभूषाकारांचा मुलगा बसला होता. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मध्ये पडून विषय बदलावा असं वाटलं, तोंड उघडलंही होतं. पण अण्णांचा उजवा हात सावकाश हनुवटीवर गेला, मान कलती झाली. मी हात मांडीवर ठेवले.

सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

"ते सगळं रंगभूषेचं काम होतं," अण्णा तिसऱ्या रांगेकडे बघत म्हणाले. "माझं त्यात काही नाही."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या थांबेनात. तो मुलगा शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता, बहुतेक आपल्या वडिलांबद्दलच.

महिन्याभरानं मी अण्णांना विचारलं, हे लिहू का? खूप वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. काकूंनी दुधाचा पेला आणून ठेवला.

"लिही. माझं नाव नको. त्याचं तर नकोच. आणि बाटली सांडली होती, हे नीट लिही. गम त्यानं मुद्दाम पातळ केला नव्हता."