वीस टक्के, डी-एन-वाय आणि अण्णांचं लाल पेन

पासबुक छापून आणलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून, लाल बॉलपेन घेऊन बसतात. साखर कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते, तिथल्या स्टोअरच्या वहीची ही सवय. नोंद पटली तर बारीकशी टिक, नाही पटली तर खाली रेघ. २०२३च्या दसऱ्याला मी पुण्याहून कराडजवळच्या आमच्या गावी गेलो, तर आपट्याची पानं द्यायच्या आधी त्यांनी पासबुकच हातात दिलं. ३० सप्टेंबरच्या नोंदीखाली एक नाही, दोन रेघा होत्या.

"दर तीन महिन्याला शेचाळीस हजार पाचशे व्याज येतंय. ह्या वेळेला सदतीस हजार दोनशेच. बाकीचं कुठं गेलं?"

फंड, ग्रॅच्युइटी आणि रस्त्याकडेचा एक तुकडा विकून आलेले पैसे, असे मिळून अण्णांचे सुमारे २६ लाख रुपये ठेवीत आहेत. वर्षाचं व्याज १ लाख ८६ हजार. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिन्याला १,९०० रुपये. सगळं धरून २ लाख ९ हजारांच्या आत. त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे अण्णांना एक रुपयाही कर लागू नव्हता. पण तेव्हा वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं की बँक ज्येष्ठ नागरिकाच्या व्याजातूनही टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापायची (२०२५च्या एप्रिलपासून ही मर्यादा १ लाख झाली). तो कापू नये म्हणून दर एप्रिलला १५एच, म्हणजे मला कर लागू नाही असं लिहून देणारा फॉर्म, भरून द्यायचा असायचा. अण्णा तो न चुकता द्यायचे. अक्षयतृतीयेच्या आत दिला नाही तर त्यांना झोप लागायची नाही.

सणाची सुट्टी झाल्यावर दोघं बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनवर बघून सांगितलं, "काकांचं पॅन इनऑपरेटिव्ह दाखवतंय. आधारशी लिंक नाही."

"मग त्या एप्रिलच्या फॉर्मचं काय?"

"पॅनच चालू नसेल तर तो फॉर्म धरत नाहीत. म्हणून वीस टक्के गेले."

४६,५०० चे वीस टक्के ९,३००. अण्णांच्या रेघा बरोबर होत्या.

पॅन-आधार जोडणीची शेवटची तारीख ३० जून २०२३ होती. १ जुलैपासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली आणि अशा माणसाचा टीडीएस दहाऐवजी वीस टक्क्यांनी कापायचा, परतावाही अडकवून ठेवायचा, असा नियम. मला हे सगळं माहीत होतं. माझं स्वतःचं २०१९मध्येच जोडून झालं होतं. वडिलांचं विचारायचं मात्र सुचलं नाही. दोष द्यायचा तर पहिला मलाच. ऐंशी वर्षं पूर्ण झालेल्यांना या जोडणीतून सूट आहे, अण्णा तेव्हा शहात्तरचे होते. "अजून चार वर्षं म्हातारा व्हायला पायजे हुतो," असं म्हणून ते बँकेच्या पायऱ्या उतरले.

घरी लॅपटॉप उघडला. उशिराच्या जोडणीला दंड १,००० रुपये. आयकराच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये जाऊन 'अदर रिसिट्स (५००)' हा पर्याय निवडायचा, त्यात पॅन-आधार उशिराचं शुल्क निवडायचं, आणि भरायचे. मी भरले. चार दिवसांनी पुण्यातून जोडणीची विनंती टाकली, तर उत्तर आलं की नाव आणि जन्मतारीख जुळत नाही. आधी जुळतंय का बघा आणि मग पैसे घ्या, एवढा क्रम जरी उलटा असता तरी माझ्यासारख्याची चार दिवसांची धडधड वाचली असती. पैसे बुडाले नाहीत, ते चलन पुढे चाललं. पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

आता नावाची गोष्ट. अण्णांचं नाव ज्ञानदेव. देवनागरीत ते रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे एकच आहे. भानगड आहे ती इंग्रजीत. आपण मराठी माणसं 'ज्ञ' म्हणताना द-न-य म्हणतो, म्हणून पॅनवर ते 'डी-एन-वाय-ए-एन' असं सुरू होतं आणि 'डी-ई-ओ' असं संपतं. आधार काढताना मात्र शिबिरातल्या पोरानं 'जी-वाय-ए-एन' टाइप केलं होतं आणि शेवटी 'डी-ई-व्ही'. कार्डावर मराठी ओळ बरोबर, तिच्याखालची इंग्रजी ओळ चूक. दहा वर्षं कुणी ती इंग्रजी ओळ वाचलीच नव्हती. यंत्रानं तेवढीच वाचली.

जन्मतारीख तर त्याहून मजेची. पॅनवर १ जून १९४७. आमच्या भागातल्या त्या पिढीच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर दाखल करून घेताना वय बसेल अशी तारीख लिहून टाकायचे. आधारवर १ जानेवारी १९४७. तिथे नोंदणीच्या वेळी फक्त साल सांगितलं की तारीख आपोआप १ जानेवारी पडायची. आणि आमची आजी सांगायची की ज्ञानू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा उतरला नव्हता. म्हणजे दोन्ही सरकारी तारखा खोट्या, आणि मला त्यातली एक खोटी दुसऱ्या खोटीशी जुळवायची होती.

गावातल्या सेवा केंद्रात एक पोरगा बसतो. तिशीचाही नसेल, पण या विषयातला त्याचा अभ्यास एखाद्या वकिलासारखा. त्यानं दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि म्हणाला, "आबा, सोपं सांगतो. सगळं आधारसारखं करून टाकू पॅन. एकाच अर्जात काम."

अण्णा म्हणाले, "म्हंजे मी ग्यानदेव व्हायचं?"

"कागदावर हो आबा. कोण हाक मारतंय त्या नावानं?"

"न्हाई. माउलीचं नाव हाय ते. अठ्ठावीस वाऱ्या केल्यात. ग्यान-बीन काय चालायचं न्हाई."

मी समजावायच्या बेतात होतो. पण खरं सांगायचं तर मलाही तो 'जी-वाय' खटकतच होता. आपल्या उच्चारातलं अक्षर कुणीतरी दुसऱ्या भाषेच्या सवयीनं बदललेलं, आणि सोपं म्हणून आपणच त्यावर सही करायची? पोरगा हसला. मग त्यानंच तोड काढली. नाव आधारमध्ये बदलायचं, त्याला ओळखीचा पुरावा म्हणून पॅन चालतं. तारखेसाठी आधारला कागदांची कटकट फार, आणि आधारमध्ये तारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. म्हणून तारीख पॅनमध्ये बदलायची, आधार दाखवून. नाव याचं, तारीख त्याची. लग्नात देण्याघेण्याची बोलणी होतात तसा सौदा झाला.

"अन् मोबाइल नंबर कुठला आहे आधारला?" त्यानं विचारलं.

इथे माझ्या पोटात गोळा आला. आधारला जोडलेला नंबर अण्णांच्या जुन्या सिमचा होता. रिचार्ज न केल्यानं तो कधीच बंद पडलेला, आणि लावून बघितला तर पलीकडे कुणी दुसरंच बोलत होतं. पॅन दुरुस्तीचा अर्ज आधारवरून ऑनलाइन करायचा तर ओटीपी त्या नंबरवर जाणार. पुढे रिटर्न पडताळायलाही तोच ओटीपी. म्हणजे खरी सुरुवात पॅनपासून नव्हतीच, ती मोबाइल नंबरपासून होती. कुणाच्या आईवडिलांचं हे काम काढायचं असेल तर सगळ्यात आधी हे बघा: आधारला कुठला नंबर आहे आणि ते सिम कुणाच्या हातात आहे.

दिवाळीनंतर तालुक्याच्या आधार केंद्रात गेलो. नाव आणि नंबर दोन्ही एकाच फेरीत, शुल्क ५० रुपये. ठसे घ्यायला अण्णांनी बोटं ठेवली आणि यंत्र लाल झालं. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल. अडतीस वर्षं पाने, ग्रीस आणि गरम पाइप धरलेल्या त्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. बाईंनी हात ओल्या फडक्यानं पुसायला सांगितले, डावा आंगठा घेतला, उजवा घेतला. शेवटी डोळ्यांवर निभावलं. बाहेर आल्यावर अण्णा बराच वेळ स्वतःचा तळहात बघत होते. मी चहा सांगितला.

याच दरम्यान मी एक आगाऊपणा केला. ओटीपी, पोर्टल, बँकेचं ॲप असं सगळं आता होणार म्हणून अण्णांना ८,४९९ रुपयांचा स्मार्टफोन घेतला. अण्णांनी आधी बिल वाचलं. मोबाइलवर अठरा टक्के जीएसटी (२०२०च्या मार्चअखेरपर्यंत तो बारा होता), म्हणजे त्या किमतीत जवळजवळ १,२९६ रुपये कराचे. "कर परत आणायला आधी कर भरला व्हय?" असं विचारून त्यांनी फोन कपाटात ठेवला. आणि सांगायला लाज वाटते, पण या सगळ्या प्रकरणात स्मार्टफोनची एकदाही गरज पडली नाही. ओटीपी हा शेवटी साधा एसएमएस असतो. तो त्यांच्या बटणांच्या डबड्यावर छान मोठ्या अक्षरांत येतो, आणि ते तो फोनवर मला खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. वयस्कर माणसाला तंत्रज्ञान जमत नाही असं आपण फार पटकन म्हणतो. अण्णांना सगळं जमलं. अडलं ते इंग्रजी स्पेलिंगपाशी.

डिसेंबरात पॅन दुरुस्तीचा अर्ज केला, १०७ रुपये. जानेवारीत टपालानं नवं कार्ड आलं, 'डी-एन-वाय' शाबूत आणि जन्म १ जानेवारी. जोडणी पहिल्या झटक्यात झाली. फेब्रुवारीत पॅन पुन्हा सक्रिय. तोवर ३१ डिसेंबरच्या व्याजातूनही ९,३०० गेले होते.

मला वाटलं, आता पुढचं तरी वाचेल. बँकेत नव्यानं १५एच दिला. तिथल्या एकानं तो घेऊन ट्रेमध्ये ठेवला. ३१ मार्चच्या नोंदीत व्याज आलं ४१,८५०. म्हणजे या वेळी दहा टक्के! पॅन चालू झालं म्हणून वीसचे दहा झाले, आणि फॉर्म ट्रेमध्येच राहिला म्हणून दहाचे शून्य झाले नाहीत. आमच्याकडे फॉर्म दिल्याची पोच नव्हती. अण्णांनी या नोंदीखाली रेघ मारली नाही, चौकोन केला.

एकूण कापलेले २३,२५०. एकदा कापून सरकारकडे जमा झालेला टीडीएस बँक परत देत नाही, तो रिटर्न भरूनच मागायचा. आयुष्यात कधी रिटर्न न भरलेल्या माणसाचं पोर्टलवर खातं उघडलं. एप्रिल-मेमध्ये घाई केली नाही, कारण शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला बँकांना ३१ मेपर्यंत मुदत असते. त्याआधी २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, बघितला तर कापलेले सगळे पैसे दिसतीलच असं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिन्ही रकमा दिसल्या. आयटीआर-१, म्हणजे 'सहज', हाच फॉर्म. त्यात एक ठेच बऱ्याच जणांना लागते: व्याज म्हणून खात्यात आलेली रक्कम लिहायची नसते, कापण्याआधीची पूर्ण रक्कम लिहायची असते. १,६२,७५० नाही, १,८६,०००. परतावा जिथे यायचा ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं. बँकेत नाव 'डी-एन-वाय'च होतं, त्यामुळे तेही लगेच झालं. अण्णांच्या हट्टानं एक हेलपाटा वाचला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२२ जूनला रिटर्न भरलं, अण्णांनी फोनवरून ओटीपी सांगितला, पडताळणी झाली. मधल्या काळात त्यांच्या फोनवर एक मेसेज आला, तुमचा परतावा मंजूर झालाय, या लिंकवर खाते क्रमांक पक्का करा. अण्णांनी विचारलं, "रक्कम का चुकीची हाय?" लबाडांना खरी रक्कम माहीत नव्हती, अण्णांना पैशापैशाची माहीत होती.

जुलैत २३,७१० रुपये जमा झाले. वरचे ४६० हे परताव्यावरचं व्याज, महिन्याला अर्धा टक्का या दरानं. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचं असतं असं सांगितल्यावर अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मग पासबुकाच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दंड १,०००, आधार ५०, पॅन १०७, माझ्या एसटीच्या फेऱ्या, चहा. फोन त्यांनी धरला नाही, तो माझ्या खात्यावर टाकला.

एका माणसाची चार पॅन कार्डं असू नयेत म्हणून ही जोडणी हवी, हे मला पटतं. पण ज्याला कर लागूच नाही त्याचे वीस टक्के धरून ठेवायचे, ही वसुली माझ्या बुद्धीला पटत नाही. ज्याचा पोरगा पुण्यात लॅपटॉप घेऊन बसलेला नाही तो हे पैसे मागायला येणारच नाही. आमच्याच आळीत असे दोघं निघाले. एकाचं काम मी केलं. दुसरे म्हणाले, जाऊ दे, गेले ते गेले.

पुढच्या एप्रिलला अण्णा १५एचच्या दोन प्रती घेऊन बँकेत गेले. काउंटरवर नवीन मुलगी होती. ती म्हणाली, "काका, आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं, तुमच्याकडे स्मार्टफोन आहे ना?"

"हाय की," अण्णा म्हणाले, "कपाटात हाय." आणि दुसरी प्रत पुढे सरकवली. "हितं शिक्का मारा."