उघड्या विटांची भिंत धुताना

गिलावा न केलेल्या विटांच्या नव्या घराला शेवटी एक धुणं लागतंच. दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यातला सिमेंटचा मसाला, भरताना उडालेले शिंतोडे आणि विटेच्या तोंडावर पसरलेली सिमेंटची दुधाळ साय नुसत्या पाण्याने निघत नाही. आम्हाला बोलावतात तेव्हा बरेचदा कुणीतरी आधीच बाटलीतलं ॲसिड सरळ भिंतीवर ओतलेलं असतं. मग सिमेंट राहतं बाजूला, त्या ॲसिडचे पिवळे डाग काढण्यातच दिवस जातो.

दर्जा भरल्यावर किमान 7 दिवस भिंतीला हात लावायचा नाही. आम्ही 15-20 दिवस थांबतो. पण महिनोन् महिनेही थांबू नये, सिमेंट दगडासारखं धरतं. आधी कोरडं काम: जाड गोळे लाकडी फळीच्या धारेने किंवा विटेच्याच तुकड्याने खरवडायचे. तारेचा ब्रश अजिबात नको. त्याचे बारीक तुकडे सांध्यात अडकतात आणि पहिल्या पावसात गंजून तांबडे ठिपके उठतात. खार, म्हणजे विटेतल्या क्षारांची पांढरी पूड, फुटला असेल तर तोही कोरडाच झाडायचा. पाणी मारलं की तो विरघळून विटेत परत शिरतो आणि भिंत वाळली की पुन्हा बाहेर येतो.

खिडक्यांच्या ॲल्युमिनियमला ॲसिड लागलं तर कायमचे पांढुरके चट्टे पडतात, म्हणून टेप लावून प्लास्टिक चढवतो. खाली कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर जास्तच जपायचं. हे चुनखडीचे दगड, ॲसिड पडताच फसफसतात आणि झिलई जाते.

खरी मेख पाण्यात आहे. कोरडी वीट समोर येईल ते पिते; ॲसिड प्यायली तर विटेतलं लोह सुटून पिवळट डाग येतो, नाहीतर राखाडी धुरकट साय धरते. ती साय सिलिकाची असते आणि पुन्हा कितीही ॲसिड घासलं तरी विरघळत नाही. म्हणून पाइपने वरून खालपर्यंत 10-15 मिनिटं पाणी मारायचं. वीट पाणी ओढायची थांबली आणि वर चकाकी टिकली की भिंत तयार. खालचा भागही काम संपेपर्यंत ओलाच हवा, ओघळ तिथेच मुरतात. उन्हात पाणी टिकत नाही. सकाळी पश्चिमेची भिंत धरायची, दुपारनंतर पूर्वेची.

प्लास्टिकच्या बादलीत आधी 20 लिटर पाणी, मग त्यात 1 लिटर बाजारचं म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड. उलट कधीच नाही, उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे, चष्मा हवेतच, आणि ब्लीचिंग जवळपासही नको, विषारी क्लोरीन निघतो. एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघायचं आणि वाळल्यावर ठरवायचं. नाहीच निघालं तर 1 लिटर ॲसिडला 10 लिटर पाणी; त्यापुढे गेलं की दर्जाच खाल्ला जातो. एका वेळी साधारण मीटरभर चौरस: नायलॉनच्या ब्रशने लावायचं, 3-4 मिनिटं थांबायचं, विटेच्या तोंडावर घासायचं आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायचं. प्रेशर मशीन आम्ही वापरत नाही. घरगुती मशीनचा झोत 100 बारच्या पुढे जातो, ताजा दर्जा उडवतो.

क्रीम रंगाच्या विटांना मात्र हे ॲसिड लावूच नका. त्यांच्या मातीतल्या व्हॅनेडियम या धातूच्या क्षारांमुळे हिरवट-पिवळे डाग उठतात. छज्ज्यातून डोकावणाऱ्या बांधणीच्या तारेचा गंज असेल तर आधी तार कापायची, मग ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात 100 ग्रॅम.

शेवटचं पाणी बोअरचं नको, त्याचे क्षार काचांवर ठिपके धरतात. टँकरचं गोडं पाणी घ्या, काचा लगेच रबरी वायपरने ओढा. आणि वॉटर रिपेलंट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारा लेप, लावायची घाई करू नका. आत ओल आणि खार असताना ते लावलं तर क्षार आतच साचतात, आणि विटेच्या तोंडाचे पापुद्रे सुटू लागतात.