दुखणं गेलं, पण पाऊल उचलत नव्हतं

कंबरेच्या आणि नसेच्या त्रासातून उठलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, आता दुखतंय का? आणि नाही म्हटलं की त्यांचं समाधान होतं. माझं मात्र म्हणणं आहे की दुखणं थांबणं आणि चालता येणं हे दोन वेगळे हिशोब आहेत, एक मिटला म्हणजे दुसरा मिटला असं नसतं, आणि हे वेळेवर कळलं नाही तर माणूस दुखायचं थांबल्याबरोबर व्यायाम सोडून देतो आणि पाय तसाच राहतो.

माझी कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली, रिपोर्टमध्ये एल-४ एल-५ लिहिलेलं असतं ते. दबली होती एल-५ची नस. कळ कुल्ल्यातून निघायची, मांडी, पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग आणि थेट अंगठ्यापर्यंत, बसलं की जास्त, शिंक आली की तर विचारूच नका. ती कळ काही आठवड्यांत हळूहळू ओसरली, आणि तेव्हा लक्षात आलं की चालताना उजवं पाऊल जमिनीवर थप्प करून आपटतंय, चप्पल निसटतीये, पायरीला बोटं अडकतायत. अंगठा वर उचल म्हटलं तर तो नुसता थरथरायचा.

फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी टाचांवर चालून दाखवायला सांगितलं, मग चवड्यांवर, मग एका पायावर उभं राहून टाच वर उचलायला. प्रत्येक नसेचं काम ठरलेलं असतं हे मला तेव्हा समजलं. टाचेवर चालणं आणि अंगठा उचलणं मुख्यतः एल-५चं, चवड्यावर उभं राहणं तिच्या खालच्या एस-१ नसेचं, आणि त्यांच्या वरच्या नसांची ताकद गुडघ्यात दिसते. माझं चवड्याचं ठीक होतं, टाचेचं नव्हतं. एमआरआय हातात घ्यायच्या आधीच त्यांनी नस सांगितली. एमआरआयबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण रिपोर्ट वाचून घाबरणारे खूप आहेत. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास २०१५ साली एकत्र करून पाहिले गेले, त्यात विशीतल्या साधारण ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के. म्हणजे फोटोतली गादी आणि तुमचा त्रास यांची सांगड तपासणाऱ्यानेच घालायची असते, नुसत्या कागदावरून ती लागत नाही. आणि बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याच जणांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हे ऐकून मला तर रडूच आलं होतं.

पण एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर फिजिओ नाही, व्यायाम नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. आणि कळ एकदम थांबली पण पाय अजून लुळा पडत चाललाय, तर ते बरं होणं नाहीये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता व्यायामाचं. सुरुवात पालथं झोपण्यापासून झाली. नुसतं पालथं, मग कोपरांवर, मग हात सरळ करून छाती वर आणि कंबर सैल. यात मला शिकवलं गेलं ते म्हणजे कळ कुठे आहे ते बघायचं, किती आहे ते नंतर. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात आली, आणि कंबर थोडी जास्त दुखायला लागली तरी ते चांगलं लक्षण. उलट कंबर हलकी वाटली पण मुंग्या पावलात उतरल्या तर तो व्यायाम तिथेच बंद. या पद्धतीची सुरुवात १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला झाली, रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओचा एक पेशंट डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा पडून राहिला आणि उठल्यावर त्याची पायातली कळ गेलेली होती. मात्र हे सगळ्यांना चालत नाही हं, ज्यांची मणक्यातली नळीच अरुंद झालीये त्यांना मागे वाकलं की त्रास वाढतो आणि पुढे झुकलं की बरं वाटतं, त्यामुळे माझं बघून तसंच करू नका, आधी तपासून घ्या.

मग नसेचे व्यायाम. मांडीची मागची बाजू ताठ वाटते म्हणून लोक ती जोर लावून ताणतात, आणि चिडलेल्या नसेला नेमकं तेच नको असतं. नसेला सरकायला जागा द्यायची असते. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली, म्हणजे एका टोकाला ताण आला की दुसऱ्या टोकाला सैल, नस मागेपुढे सरकते पण ओढली जात नाही. मुंग्या सुरू व्हायच्या अलीकडे थांबायचं. दिसायला इतका फालतू व्यायाम की घरच्यांना वाटायचं हिला काही करायचंच नाहीये, पण माझं बसणं त्यानेच सुधारलं असं मी ठामपणे म्हणेन.

सकाळचा पहिला तास वाकायचं नाही, हा नियम मी अजून पाळते. रात्रभर आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीही थोडी जास्त असते, आणि अशा टम्म गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. बाकी कंबरेच्या ताकदीचे, चार पायांवर राहून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक, हे थोडे थोडे सेकंद धरून पण रोज.

आणि पाऊल? त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. नसेचं नुसतं वरचं आवरण बिघडलं असेल तर काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं, पण आतला तंतूच तुटला असेल तर तो वाढतो रोज साधारण १ मिलिमीटर. कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल. मधल्या काळात शाबूत राहिलेले शेजारचे तंतू नवीन फांद्या फोडून पोरक्या झालेल्या स्नायूंना थोडंफार सांभाळून घेतात, म्हणून ताकद परत यायला नेहमीच तितकी वर्षं लागत नाहीत. तोवर मॅडमनी बुटात बसणारा स्प्लिंट दिला, पाऊल लोंबू नये, अडखळून पडू नये आणि टाचेची शीर आखडू नये म्हणून. मला तो घालायला अजिबात आवडायचं नाही, पण त्याच्यामुळे मी घराबाहेर चालू शकले, आणि चालणं हाच तर अर्धा उपचार. एकदम लांब नाही, थोडं थोडं, दिवसातून बरेचदा, पाऊल आपटायला लागलं की थांबायचं, कारण दमलेल्या पायाला चुकीची चाल लगेच अंगवळणी पडते.

ज्या दिवशी अंगठा जमिनीपासून उचलला गेला तेव्हा बाजूच्या कुणाला काही दिसलंही नसतं इतकाच तो हलला होता, आणि मॅडम माझ्याइतक्याच खूश. मग रबराचा पट्टा आला, मग डोळे मिटून एका पायावर उभं राहणं आलं, कारण बधिर पावलाला आपण कुठे टेकलोय हेही नव्याने शिकावं लागतं, नाहीतर माणूस कायम खाली बघत चालतो.

आज स्प्लिंट कपाटात आहे, टाचांवर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाता येतं, जिना कठडा न धरता उतरते. अंगठ्याजवळचा एक पट्टा अजून बधिर आहे, स्पर्श परत यायला ताकदीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो असं मॅडम म्हणतात, कदाचित थोडा राहीलही. सध्या एका पायावर टाच उचलण्याचे सेट चालू आहेत, दोन्ही पायांचा आकडा सारखा आला की हलकं पळणं सुरू करायचं ठरलंय.