तुम्ही विचारलंत म्हणून: वन बीएचकेतला पहिला रीफ टँक

"आमच्या वन बीएचकेत रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, बसेल का, आणि बसला तर पहिलं सामान काय घेऊ?" हे मला सारखं विचारलं जातं म्हणून एकदा सगळंच लिहून टाकतेय. बसतो, अगदी छान बसतो. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा ती निळी लाइट असते, तिच्याखाली चमकणारं कोरल असतं, आणि अर्धं बजेट तिथेच संपतं. माझा क्रम उलटा आहे. जागा कमी म्हणून पाणी कमी, पाणी कमी म्हणून तापमान आणि खारटपणा दोन्ही पटापट वरखाली होणार, आणि कोरलला नेमकं तेच सोसत नाही. त्यामुळे आधीचे पैसे पाणी जागच्या जागी ठेवणाऱ्या वस्तूंवर, मग जे उरतील ते लाइटवर.

साइझ म्हणाल तर शक्य असेल तर 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटर घ्या. भरून साधारण 120 लिटर, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी 100 लिटरच्या आसपास. 20-30 लिटरचे छोटे टँक फोटोत गोड दिसतात, पण नवीन माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, तिथे चूक सुधारायला वेळच मिळत नाही. मागे कप्पे असलेला ऑल-इन-वन घेतलात की खाली वेगळा संप (गाळणीची दुसरी टाकी) नको, पाइपिंग नको, कमी जागेत हाच सरळ मार्ग. स्टँडसकट वजन दीडशे किलोच्या वर जातं हे लक्षात ठेवा, खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत बीमच्या बाजूला ठेवा, आणि जुन्या लाकडी तक्तपोशीच्या चाळीत राहत असाल तर आधी जाणकाराला दाखवा.

आता तापमान, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण परदेशी व्हिडिओ बघून लोक आधी हीटर आणतात! आपल्याकडे बहुतेक जणांचं दुखणं थंडी नाही, उकाडा आहे. टँक 25-26 डिग्रीला ठेवायचा, आणि मे महिन्यात मुंबईत बंद घरात 32-33 सहज होतं. सगळे सांगतात पंखा लाव, पाण्यावर वारा मारला की बाष्पीभवन होऊन पाणी थंड होतं. बरोबर आहे, पण किती थंड होणार ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. 33 डिग्री आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर पंख्याने पाणी साधारण 28 च्या खाली जाऊच शकत नाही, कितीही मोठा पंखा आणा. तेच पुण्यात किंवा नागपुरात एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवा 38 ला असली तरी आर्द्रता 20 टक्क्यांवर आलेली असते, तिथे तोच छोटा पंखा मस्त काम करतो. म्हणून पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरवाल्यांनी पंखा आणि सोबत तापमान कंट्रोलर (ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारा) यावर सुरुवात करायला हरकत नाही, पण मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे राहणाऱ्यांनी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, तो कधीकधी टँकपेक्षा महाग पडतो तरी धरा. चिलर परवडत नसेल तर थांबा, पैसे जमवा, मग सुरू करा. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की कोरल आपल्या आतली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, समुद्रात जे होतं तेच घरात होतं, आणि ते बघवत नाही.

चिलर घेताना आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. स्टँडच्या कपाटात दार लावून ठेवलात तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो, बिल वाढतं आणि पाणी काही थंड होत नाही. मागे-पुढे वीतभर जागा आणि खिडकीकडे तोंड, एवढं तरी करा. पुणे-नाशिकच्या डिसेंबरसाठी मात्र हीटर लागतोच, 100 वॉट पुरतो, पण तोही कंट्रोलरवरच लावा, कारण हीटर बिघडतो तेव्हा बरेचदा चालूच अडकून राहतो.

पंखा म्हणजे पाणी उडणार आणि मीठ मागे राहणार. 100 लिटरमधून रोज दोन लिटर उडालं आणि तुम्ही तीन दिवस गावाला गेलात तर खारटपणा 35 (हजार भागांत 35 भाग मीठ) वरून 37 च्या पुढे गेलेला असतो. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारं यंत्र) ही चैन नाही, चिलरनंतरची दुसरी वस्तू तीच. सेन्सर चांगला घ्या आणि गोड्या पाण्याचा डबा लहान ठेवा, पाचेक लिटरचा, म्हणजे सेन्सर अडकून सगळं आत ओतलं गेलं तरी खारटपणा दीड-पावणेदोननेच उतरेल, घात होणार नाही.

आणि ते गोडं पाणी घरच्या प्युरिफायरचं चालतं का? नाही. त्यात चवीसाठी मूळ पाणी किंवा मिनरल परत मिसळतात. आरओ मेंब्रेनच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) कॅनिस्टर लावा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य बघा. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर तर हे नसेल तर शेवाळ काढण्यातच वर्ष जाईल. मीठ मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो 35 च्या कॅलिब्रेशन लिक्विडवर जुळवा, नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं तर वरचा आकडा चुकू शकतो.

बाकीचं पटकन. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) एक तरी हवाच, सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेल्या) कोरलला ताशी टँकच्या दहा-वीस पट प्रवाह पुरे. स्किमर (फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) एवढ्या टँकला मी पहिल्या वर्षी घ्यायला सांगत नाही, मासे दोनच ठेवा, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, जागाही वाचते आणि आवाजही. लाइट मध्यम चालते, झोअँथिड आणि मशरूम ही सॉफ्ट कोरलं 50 ते 150 पारमध्ये (पार म्हणजे कोरलच्या कामाच्या प्रकाशाचं माप) खुश असतात, महागडी लाइट मागणारी एसपीएस (लहान पॉलिपची दगडी) कोरलं तुम्हाला एवढ्यात ठेवायचीच नाहीत. झोअँथिडला हात लावताना ग्लोव्ह्ज घाला, काहींच्यात जबरदस्त विष असतं, लहान मुलं असतील तर विशेष. आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप, तो मात्र आजच घेऊन ठेवा, वीज गेली की छोट्या टँकमधला ऑक्सिजन काही तासांत उतरतो. सगळ्या वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ द्या, पाणी वायरवरून घरंगळत सॉकेटमध्ये जायला नको.

कोरल कुठून आणायचं हेही सामानाइतकंच महत्त्वाचं. मालवणला किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून जिवंत दगड (ज्यावर समुद्रजीव वसलेत तो), कोरलचा तुकडा उचलू नका. आपली दगडी कोरलं, सी फॅन, समुद्रघोडे हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. बाहेरून आलेल्या दगडी कोरलांवरही साइटीसचे (CITES, वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागतात, तेव्हा विकणाऱ्याकडे कागद मागा, आणि तो टाळाटाळ करत असेल तर निघून या. दगड कोरडा रीफ रॉक घ्या, त्याला माशांची घाण पचवणारे जीवाणू धरायला महिना-दीड महिना द्या. क्लाउनफिश टँकमध्येच जन्मलेले मिळतात, सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात त्यांचं प्रजनन केव्हाच करून दाखवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घेण्याचं काही कारणच नाही.

सेकंडहँड घ्यावं का, हाही प्रश्न येतो. काच, स्टँड, वेव्हमेकर खुशाल घ्या. चिलर समोर तासभर चालवून, आकडा उतरताना बघून मगच घ्या. मेंब्रेन आणि रेझिन नवीनच. आणि ज्या टँकमध्ये माशांना कॉपरचं औषध दिलंय तो फुकट दिला तरी नको, कोरल आणि कोळंबीला ते चालत नाही. काच घरी आली की आधी बाल्कनीत सपाट जागी साधं पाणी काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा, खाली वर्तमानपत्र पसरा, कागद कोरडा राहिला तरच आत न्या.