ओक्लाहोमा सिटी: कॉलेज सॉफ्टबॉलची फायनल पाहायला जाताना

4 जून 2025 ला दुपारी डॅलसहून निघालो. आय-35 हायवेने सरळ उत्तरेला, साडेतीन तास. सोबत लेक. जळगावला कॉलेजात असताना मी सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी. तेव्हा आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे पुढच्या मॅचसाठी ताटकळलेल्या दुसऱ्या टीमच्या मुली. फायनलच्या स्टेडियममध्ये, डेव्हन पार्कमध्ये, 13,000 माणसं मावतात, आणि त्या संध्याकाळी स्टेडियम गच्च भरलं होतं. आत पाऊल टाकलं आणि डोळे भरून आले.

तिकीट जमलं तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या मागे, जरा बाजूला घ्या. थोडं महाग पडेल, पण पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणारीचं मनगट तिथूनच दिसतं. 43 फुटांवरून कमरेखालून सुटलेला चेंडू बॅटरपाशी येताना कसा वर चढल्यासारखा वाटतो, हे टीव्हीवर कळत नाही.

फायनल टेक्सस आणि टेक्सस टेक या दोन विद्यापीठांची. पहिल्या मॅचमध्ये टेक्सस टेक 1-0 ने पुढे. सहावी इनिंग, टेक्ससच्या मुली दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, बॅटिंगला रीस अ‍ॅटवुड. टेकची पिचर नायजारी कॅनडी तिला मुद्दाम वॉक देत होती, म्हणजे तिने मारूच नये म्हणून चार चेंडू लांब बाहेर टाकून तिला फुकट पहिल्या बेसवर सोडत होती. तीन बॉल बाहेर गेले. चौथा हवा तेवढा लांब पडला नाही, अ‍ॅटवुडने हात लांबवून तो डावीकडे मारला आणि दोन रन आल्या. मी लेकीचा दंड इतका घट्ट धरला की ती ओरडली. कॅचर म्हणून असा वॉक मी कितीदा मागितला असेल, पण बॅटर तो मारेल हे कधी मनातही आलं नव्हतं. टेक्सस 2-1 ने जिंकलं.

आमची चूक तुम्ही करू नका. साधी पर्स नेली, ती गेटवर अडली. पुन्हा गाडीपर्यंत पायपीट. पारदर्शक पिशवीच न्या. ऊन कडक, टोपी हवीच. जवळपास वीज चमकली की खेळ थांबतो आणि शेवटच्या विजेनंतर अर्धा तास सुरू होत नाही, म्हणून परतीची वेळ घट्ट बांधू नका. सकाळ मोकळी असेल तर प्राणिसंग्रहालय आणि काउबॉय म्युझियम अगदी जवळ आहेत.

मुक्काम मात्र वाढवाच. फायनल तीन मॅचची असते, दोन जिंकेल ती टीम विजेती. दुसरी टेकने 4-3 ने घेतली, तिसरी 6 जूनला टेक्ससने 10-4 ने जिंकली, त्यांचं पहिलंच विजेतेपद. ती मी घरी टीव्हीवर पाहिली, याची अजून हळहळ वाटते. आणि बजेट एकाच दिवसाचं असेल तर फायनलऐवजी स्पर्धेचा पहिला गुरुवार गाठा: आठही टीम, चार मॅच. टीम दोन मॅच हरली की घरी. खेळ शिकणाऱ्या मुलींना त्या एका दिवसात जे दिसतं, ते फायनलमध्ये दिसत नाही.

2028 च्या ऑलिंपिकचं सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसला नाही, याच मैदानावर होणार आहे. जळगावच्या टीममधल्या दोघींना मेसेज केलाय. एकीने पासपोर्ट शोधायला घेतला आहे.